दुसऱ्याच्या हातचं

नखांचा. भुंकण्याचा नाही, विव्हळण्याचा नाही, सिमेंटच्या फरशीवर नखं घासल्याचा आवाज होता तो. खर्र खर्र, मधेच थांबायचा, पुन्हा खर्र. पन्नास वर्षं होत आली, पण अजून कुणी पत्र्याचा डबा ओढला की माझ्या कानात तोच येतो. तू विचारलंस ना, बाबा, तुम्ही ह्या कुत्र्याला काय शिकवून ठेवलंय, माझ्या हातचं शिवत नाही तो, म्हणून? तेच सांगतोय. बस. बस गं पोरी, बाकडं कोरडं आहे, तू येणार म्हणून मी सकाळीच पुसून ठेवलंय. खाईल तो. आज माझ्या हातातलं हुंगून त्याने तोंड फिरवलं, ते पाहिलं मी, आंधळा झालो नाही अजून—पण खाईल. त्याला जरा माझ्या पायाशी पडू दे. आणि तो पट्टा सैल सोड, गळ्याला काचतोय.

तर तो आवाज. मला गोदामात लागून सहा महिनेही झाले नव्हते. कापडाचं गोदाम, चार कुत्री राखणीला, आणि ती सांभाळायला मी—सगळे मला कुत्रेवाला म्हणायचे, तुझी आईसुद्धा रागावली की म्हणायची. एका सकाळी मी कुलूप काढतोय तर आतून ते खर्र खर्र. भिंतीवरून कुणीतरी मांसाचा तुकडा टाकला होता, विष घालून. चौघांत जी सगळ्यात गोड कुत्री होती ना, कुणीही हात पुढे केला की शेपूट हलवणारी, तिनेच तो खाल्ला. बाकीचे तिघे भांडत बसले आणि भांडता भांडता वाचले. तिला जायला तास लागला. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो आणि तिचे पाय आपले चालतच होते फरशीवर, कुठेतरी निघाल्यासारखे. त्या दिवशी मी ठरवलं, आपलं कुत्रं दुसऱ्याच्या हातचं खाणार नाही. उपाशी मेलं तरी बेहत्तर—नाही, असं नाही म्हणालो मी. तेव्हा नाही म्हणालो.

शिकवायचं कसं? सोपं असतं. लोक म्हणतात, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. शेपटाचं मला माहीत नाही, बाकी सगळं कुत्रं सरळ होतं. तापावरच्या कडू गोळ्या असतात बघ, त्या कुटायच्या, मांसात भरायच्या आणि एखाद्या हमालाला सांगायचं, जा, प्रेमाने भरव. तो भरवतो, कुत्रं तोंडात घेतं, कडू लागतं, थुंकतं—आणि थुंकलं रे थुंकलं की त्याच हमालाने नाकावर छडी द्यायची. नाकावरच. पाठीवरची छडी कुत्रं विसरतं. असं आठ दिवस. आज हमाल, उद्या ड्रायव्हर, परवा कारकून—तो बिचारा छडी मारताना डोळे मिटायचा, एकदा त्याला शिकवायला जवळ उभा राहिलो तर माझ्याच गुडघ्यावर बसली, हा तोच गुडघा, ज्यापायी मी आज इथे आहे. असो. आणि हे सगळं चालू असताना मी कुठे? मी आडोशाला. मारून झालं की मी बाहेर यायचं, जवळ घ्यायचं, तोंड धुवायचं, पाणी पाजायचं, मग माझ्या हाताने चांगलं भरवायचं. कडू दुसऱ्याचं, गोड माझं. एवढीच विद्या. मी उभ्या जन्मात माझ्या कुत्र्याला एक छडी मारलेली नाही, कुणालाही विचार.

अनोळखी माणसाचं सोपंच असतं. अवघड असतं ते ओळखीच्याचं. चोर काही दरवेळी बाहेरचा नसतो, आतलाच असतो, रोज येता-जाता डोक्यावर हात फिरवणारा. म्हणून कुत्र्याचा ज्याच्यावर जीव, त्याला आधी कडू करावं लागतं. ती हमाल मंडळी रडकुंडीला यायची. म्हणायची, कुत्रेवाले, चार वर्षं ओळखतोय हो हा मला, आता माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी म्हणायचो, चांगलं आहे, शिकला.

कुत्र्याच्या डॉक्टरचं बरोबर आहे, कोण चूक म्हणतंय? रक्त चांगलं, दात चांगले, पोटात जंत नाहीत. आजारी नाहीच तो. तू त्याला उकडलेली अंडी दिलीस, कोंबडी दिलीस, जावईबापू त्याच्यासमोर चार पायांवर बसून स्वतः खाऊन दाखवत होते म्हणालीस—ते बघायला मात्र मी हवा होतो. आणि ह्याने, आपल्या फौजदाराने काय केलं? उठून दुसऱ्या खोलीत गेला ना? मग काय. नाव उगाच नाही ठेवलं मी त्याचं. गोदामात कॅमेरे बसले आणि कुत्र्यांना मरणाची सुई द्यायचं ठरलं तेव्हा मी ह्या एकट्याला घेऊन बाहेर पडलो. बाकी दोघांना नाही आणता आलं. एका खोलीत किती मावणार? तीन वर्षं आम्ही दोघं त्या खोलीत, त्याने माझं आणि मी त्याचं बघायचं. तू सणावाराला नाही, वाढदिवसाला नाही, जमेल तशी यायचीस. मी बोललो कधी? नाही ना. लाँड्रीतली नोकरी, दिवसभर वाफेत उभं राहायचं, कशी येणार.

पण मग मी पडलो, आणि तू आलीस, जावईबापू आले, खोलीत उभं राहून सगळीकडे नजर फिरवलीत आणि म्हणालीस, बाबा, कुत्र्याची काळजी करू नका, त्याला आम्ही नेतो. त्याला आमच्याकडे जागा आहे. —आठवतं? मी म्हटलं, बरं. फौजदाराला जागा आहे. बरं झालं. कुणाला तरी आहे.

रडू नकोस, मी रडवायला नाही म्हटलं ते. जे झालं ते झालं, ह्या वृद्धाश्रमात काही वाईट नाही, मोठ्या बाई कडक आहेत, कुत्र्याला फाटकाच्या आत येऊ देत नाहीत, पण ह्या बाकड्यापर्यंत डोळेझाक करतात. आणि तू यायला लागलीस. पाच आठवड्यांत किती वेळा आलीस मोजलंय मी. पहिला आठवडा रोज, तासभर चालत, कारण बसमध्ये ह्याला घेत नाहीत. आपण बोलायचो, तू मला लाँड्रीतल्या गमती सांगायचीस, हा माझ्या हातून खायचा. मग एक दिवसाआड. मग मालक ओरडला तुझा आणि नुसता रविवार राहिला. मला वाटलं नव्हतं तू रविवारवर येशील. मी म्हटलं, जनावर उपाशी आहे म्हटल्यावर ही काहीही करून येणार, लहानपणापासून हिचा स्वभाव असा, म्हणून तर त्या स्वेटरच्या बाहीतून मी—

काही नाही.

काही नाही गं, जीभ घसरली. कुठला स्वेटर? तो आपला... राखाडी. हो, तोच, तू शोधत होतीस तो. सामान बांधायला आलीस तेव्हा माझ्याकडेच राहिला. अगं, चोरला कशाला म्हणतेस, बापाने लेकीचं काही चोरलं असं असतं का? बाहीला तुझा वास होता. साबणाचा, वाफेचा आणि तुझा. मी काय केलं, आता निघालंच आहे तोंडातून तर ऐक, तू त्याला न्यायच्या आधीचे आठ दिवस मी तो स्वेटर घालायचो आणि बाहीत हात आत ओढून घेऊन त्याला तुकडा द्यायचो. कडू. तो आधी आनंदाने यायचा, तुझ्या वासाला शेपूट हलवत. मग तो थुंकला की... हो, छडी. मीच. पण स्वेटर घालून, माझा हात दिसत नव्हता त्याला, म्हणजे ती माझी नव्हे. मग स्वेटर काढून ठेवायचा, हात धुवायचे, त्याला जवळ घ्यायचं. पाचव्या दिवशी मी नुसता स्वेटर खुंटीवरून काढला तर तो पलंगाखाली गेला. मी म्हटलं, झालं.

अशी बघू नकोस. माझं गणित साधं होतं, दोन दिवस खाणार नाही, केविलवाणा होईल, तू मला विचारायला येशील, मी म्हणेन, आण इकडे, माझ्या हातून खाईल. तुझं येणं होईल, त्याचं खाणं होईल, कुणाचं काय बिघडलं? गोदामातली कुत्री दोन दिवसांच्या वर कधी उपाशी राहिली नाहीत, कारण मी रोज होतो ना तिथे. सात सात दिवस उपाशी ठेवून मी कधी बघितलंच नव्हतं. भूक मरते हे मला ऐकून माहीत होतं. कुत्र्याची भूक ताणली की ती रागावते, अजून ताणली की केविलवाणी होते, आणि त्याच्याही पुढे गेलं की ती निघूनच जाते, मग समोर काहीही ठेवा. पण ते इतक्यात होतं हे—आज कळलं. आज तो माझ्या बोटांना नाक लावून बाजूला झाला तेव्हा.

उपाय आहे. आहे उपाय, उठू नकोस. दोन हात एका ताटलीत. तुझा खाली, माझा वर, त्याला दोन्ही वास एकदम. पंधरा दिवस रोज असं भरवायचं आणि माझा हात हळूहळू काढून घ्यायचा, आधी मनगट, मग बोटं. शेवटी तुझा एकटीचा राहतो आणि त्याला कळतसुद्धा नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हो. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर सोळाव्या दिवशी तू आली असतीस?

मरत नाही गं असं कुणी. कडवटपणा तोंडात राहतो थोडे दिवस आणि मग जातो. तुझाही गेलाच की. मावशीच्या दुधाचा.

तुझी मावशी. म्हणजे हेच की, तुझी आई गेली, तू सहा वर्षांची, मी दोन-दोन पाळ्या करायचो आणि तुझी मावशी रोज सकाळी येऊन तुला दूध द्यायची, वेणी घालायची. मग म्हणायला लागली, भावजी, हिला मी नेते. तिचं बरोबर होतं. तिच्याकडे घर होतं, अंगण होतं, तिला मूल नव्हतं, आणि तू दिवसभर तिच्या पदराला धरून. मी काय होतो? कुत्रेवाला. मग मी पेल्याच्या तळाशी... अर्धीच गोळी. पाव म्हण. चार दिवस. तू थुंकायचीस, म्हणायचीस मावशीचं दूध घाण, ती म्हणायची नाटकं करतेस, एकदा चापट मारली तिने तुला, आणि मी आडोशाला होतो तो आलो, तुझं तोंड धुतलं, साखरेचा खडा दिला. पाचव्या दिवशी ती दारात दिसली आणि तू माझ्या पायांमागे लपलीस. ती जाताना मला म्हणाली, "भावजी, माझं काय चुकलं हो?" मी म्हटलं, काही नाही, पोरं असतात अशी.

पुन्हा आली नाही ती. पत्रं यायची तुझ्या नावाने, तू म्हणायचीस मला नको, तिने मला कडू दिलं होतं. मी तुला फाड म्हणून कधी सांगितलं नाही. तूच फाडायचीस. शेवटच्या आजारात तिने बोलावलं होतं तेव्हाही तूच म्हणालीस, मी नाही जात. मी उलट म्हटलं होतं, जाऊन ये. म्हटलं होतं ना? आणि तुला काय कमी पडलं माझ्याकडे, सांग. एक चापट मारली कधी मी? एक?

कुठे निघालीस? हे बघ, आजपासूनच सुरू करू. ताटली इकडे ठेव, तुझा हात दे. पोरी, हात दे. मी तुझ्याशी बोलतोय. अगं, त्याला असा ओढू नकोस, तो चालणार नाही. फौजदार, बस. बघ, बसला. माझं ऐकतो तो अजून. मी उठ म्हणेपर्यंत आता तो जागचा हलायचा नाही, तू कितीही पट्टा ओढ—

अगं, उचलतेस कशाला त्याला. तुला नाही पेलायचा, पाठीत उसण भरेल, तो काय मांजर आहे—गोदामात त्याला गाडीत चढवायला दोन हमाल लागायचे, दोन धट्टेकट्टे हमाल, आणि तू एका हातावर—