वण काढून, दोन प्रती

अंजना : त्यो खिडकीतला फोटू खाली काढा.

राजाराम : जरा थांबा बाई, मी काळ्या पडद्यात आहे. कॅमेऱ्याच्या भात्याला भोक पडलंय. सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलंय, सोल्यूशन वाळेपर्यंत बोट काढता येत नाही. कुठला फोटो म्हणालात?

अंजना : रस्त्यावनं पयला दिसतोय त्यो. नथ घातलेल्या पोरीचा.

राजाराम : तो होय! तो नाही मिळायचा. अहो, अख्ख्या कऱ्हाडात तसा चेहरा नाही. दोघं-तिघं विचारून गेले, ही कुणाची मुलगी म्हणून. मी दाद दिली नाही.

अंजना : तसा चेहरा कऱ्हाडात न्हाईच. आन मलकापुरातबी न्हाई.

राजाराम : मलकापूरची आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?

अंजना : डोकं भाईर काढा, मंग कळंल.

राजाराम : …अंजनाबाई! तुम्ही?

अंजना : वळकलं म्हनायचं.

राजाराम : न ओळखून कसं चालेल? दोन दिवस भिंगाखाली तुमचाच तर चेहरा होता. एकट्याच आलात?

अंजना : आक्काताई आत्या हाय संगं. खाली बांगड्या भरतीया.

राजाराम : बसा ना. चहा सांगतो. आणि अभिनंदन हो! सांगलीकडचं ठरत आलंय असं ऐकलं.

अंजना : कुनाकडनं ऐकलं?

राजाराम : असंच… बाजारात कुणीतरी म्हणत होतं.

अंजना : च्या नगं. मागल्या बेस्तरवारी च्या झाला आमच्यात. पावनं आलं हुतं, सात जन. पोराची आत्या हुती, तानुबाई. तिनं माजी हनुवटी धरली आन तोंड दाराकडं वळीवलं, उजेडात. दुसऱ्या हातात तुमचा फोटू. एकडाव फोटूकडं बघायची, एकडाव माज्याकडं. मंग इचारलं, ही थोरली दिसती, फोटूतली धाकटी कुठं हाय? मला धाकटी भन न्हाई, दादा.

राजाराम : अरेरे.

अंजना : च्याला कुनी तोंड लावलं न्हाई. भरल्या कपबश्या तशाच सोडून उठलं समदं. सोप्यात भावकी बसल्याली, दारात शेजारच्या बाया. पोरगं बिचारं मान खाली घालून बसलं हुतं. माज्यापरीस त्येलाच जास्त लाज वाटत हुती.

राजाराम : आप्पासाहेब काय म्हणाले?

अंजना : आबा म्हनले, फोटू पोरगीच काढून आली, तिनं फोटूवाल्याला काय सांगितलं ते आमाला काय ठावं. समद्यांम्होरं म्हनले. आता गावात त्येच चाललंय. अंजीनं देवीचं वण लपवाया लावलं, बापाचं नाक कापलं. मी आडावर गेले की बाया बोलायच्या गप व्हत्यात. घागर भरून निगाले की पुन्ना सुरू.

राजाराम : वाईट झालं. फार वाईट झालं.

अंजना : ह्याच स्टुलावर बसून मी काय म्हनले हुते, आठवतंय का?

राजाराम : आठवतंय.

अंजना : सांगा की मंग.

राजाराम : म्हणाला होतात… 'दादा, माजं तोंड हाय तसंच येऊ द्या. मागनं घोळ नगं.'

अंजना : मंग कशी काय झाली ही भवानी?

राजाराम : चूक माझी. सवय हो, दुसरं काय! समोरून दोन दिवे सारखे टाकले की सावली पडत नाही, निम्मे वण तिथंच बुजतात. उरलेले पेन्सिलीनं. निगेटिव्हवर शिसपेन्सिल हलक्या हातानं फिरवायची, जिथं काळं भरू तिथं कागदावर उजळ येतं. सांगलीला लालासाहेब मास्तरांच्या हाताखाली तीन वर्षं हेच तर केलं मी. मला वाटलं, पोरीचं भलं होईल.

अंजना : म्हंजी तुमच्या मनानं केलंसा?

राजाराम : माझ्याच मनानं.

अंजना : कुनी सांगितलं न्हाई?

राजाराम : कुणी… नाही. कुणी नाही.

अंजना : मंग मलकापूरला चला आन आबास्नी येवढंच सांगा. अंजीचा दोष न्हाई, म्या केलं म्हनावं. भावकीतली चार मानसं मी बोलवून घेते.

राजाराम : ते कसं जमेल? दुकान आहे, गिऱ्हाईक येतं…

अंजना : येक तास दुकान बंद ऱ्हायलं म्हनून कऱ्हाड वाहून जात न्हाई.

राजाराम : तसं नाही हो. मला यायला तोंड नाही.

अंजना : मला आडावर जायाला हाय व्हय? बरं, न्हाई येत तर ऱ्हावा. माजा दुसरा फोटू काढा. आत्ता. आन उजेड बाजूनं टाका.

राजाराम : बाजूनं? अहो, एकेक वण उठून दिसेल. आहे त्याच्या दुप्पट दिसेल!

अंजना : दिसू द्या. म्होरल्या पावन्यास्नी त्योच धाडनार. यायचं त्ये बघून येतील, न्हाई यायचं त्ये घरीच बसतील. माजा च्या तरी वाया जानार न्हाई.

राजाराम : बरं. बसा. हनुवटी थोडी… नाही, मी हात लावत नाही. तुम्हीच वळा खिडकीकडं. बास.

अंजना : ही परात कशापायी टांगलीया?

राजाराम : दिवा आहे तो. आमच्या बायकोची, लीलाबाईंची जर्मनची परात. मधोमध भोक पाडून होल्डर बसवला. ती अजून येताजाता विचारते, भाकरीचं पीठ तुमच्या टकलावर मळू का म्हणून.

अंजना : बरूबर इचारती. आन त्ये चकाकतंय त्ये?

राजाराम : चहाच्या पेटीतला चांदीचा कागद. फळीवर खळीनं चिकटवलाय. दिव्याच्या समोरच्या अंगाला उभा केला की उजेड परततो, सावल्या मऊ होतात.

अंजना : त्येचं तोंड भिताडाकडं करा.

राजाराम : करतो. दिवाही बाजूला घेतलाय. …ठिगळ वाळलं वाटतं. जातो पडद्यात. हं, आता दिसताय. या काचेवर माणूस उलटं दिसतं, डोकं खाली, पाय वर. बरंय एका परीनं, नजरेला नजर द्यावी लागत नाही. अंजनाबाई, मघाशी मी खोटं बोललो.

अंजना : ठावं हाय.

राजाराम : काय ठाऊक आहे?

अंजना : ही चिठ्ठी बघा. कोट धुवाया घेतला तवा आबांच्या खिशात घावली. अक्षर तुमचंच न्हवं? मी सातवी शिकलीया. 'अंजना आप्पासाहेब, मलकापूर. वण काढून, दोन प्रती. शनिवारी दुपारी.' आज शनवार हाय, दादा.

राजाराम : म्हणजे तुम्ही सगळं ठाऊक असून…

अंजना : तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं. सांगताय का न्हाई त्ये बघत हुते.

राजाराम : त्यांनी शपथ घातली होती, पोरीला कळता कामा नये. त्या दिवशी तुम्ही आणि आक्काताई उतरून गेलात आणि ते वर आले. म्हणाले, एक वण दिसता कामा नये. परवा म्हणाले, ठरल्यात जमा आहे, पावण्यांनाच आणखी दोन प्रती हव्यात. मी घेतली ऑर्डर. पण त्यांच्यावर ढकलून मी सुटत नाही. मला आनंद झाला होता हो! इतकं अवघड टचिंग कऱ्हाडात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, म्हणून खिडकीत लावला. तुम्ही नको म्हणाला होतात ते मी विसरलो नव्हतो, विसरल्यासारखं केलं. त्या खिडकीत एकही चेहरा जसाच्या तसा नाही. लाज वाटते मला.

अंजना : वाटू द्या. जरा येळ वाटू द्या.

राजाराम : आणि मी सांगितलंच नसतं तर?

अंजना : तर ज्येनं चिठ्ठी लिवून घेतली त्येच सांगतील. जिना वाजतोय, ऐकलासा? मिल्ट्रीचं बूट हाईत.

(आप्पासाहेब दारात. दिव्याचा झोत त्यांच्या डोळ्यांवर आहे. पलीकडं स्टुलावर कोण बसलंय ते दिसत नाही.)

आप्पासाहेब : राजाराम, रेडी हाय का माल? टाइम म्हंजे टाइम! दहिवडीच्या येष्टीनं धाडायचं हाय. माण तालुक्यातलं पावनं हाईत, पोरगा म्हमईला गिरनीत. फोटूवरच ठरिवनार म्हनत्यात, बघाया येनार न्हाईत. लय चांगलं झालं बघ. आन गड्या, त्यो दिवा हिकडं कशाला वळीवलाईस? डोळं गेलं माजं.

राजाराम : आप्पासाहेब, लग्नात दिसेलच की हो सगळं.

आप्पासाहेब : अक्षता पडल्यावर कोन काय बोलतंय?

अंजना : मला बोलतील, आबा. जलमभर.

आप्पासाहेब : …कोन? अंजे? तू हितं काय करतीस?

अंजना : फोटू काढाया आलीया. बसा.

आप्पासाहेब : ऊठ. घरी चल. राजाराम, तू बोलावलंस व्हय हिला?

राजाराम : नाही. पण बरं झालं त्या आल्या. तुमच्या दोन प्रती मी देणार नाही.

आप्पासाहेब : ऑर्डर घेतलीस न्हवं?

राजाराम : घेतली. पहिलीही घ्यायला नको होती.

अंजना : आबा, मागल्या बेस्तरवारी पावन्यांम्होरं काय बोललासा?

आप्पासाहेब : बोललो काय तरी. येळ तशी हुती.

अंजना : दोन सालामागं चीनच्या लढाईत बरफात उबं ऱ्हायलासा म्हनून गाव तुमाला सलाम ठोकतंय. आन सात पावन्यांम्होरं पोरीच्या आड दडलासा?

आप्पासाहेब : तोंड सांबाळ, अंजे! …न्हाई. बोल तू. बरूबर हाय तुजं.

अंजना : माजं वण येवढं झोंबत्यात तुमाला?

आप्पासाहेब : त्ये वण तुजं न्हाईत, पोरी. माजं हाईत.

अंजना : म्हंजी?

आप्पासाहेब : तू चार वरसाची हुतीस. मी रजेवर आल्यालो. तुजी आई रानात गेल्याली आन देवी टोचनारा दारात आला, पेटी घिऊन. पलटनीत मला दोनदा टोचल्यालं, मला समदं ठावं हुतं. पर तू माज्या पायाला मिठी मारलीस. आबा नगं, आबा नगं, म्हनून रडाया लागलीस. मला काय ऐकवंना. तुला जुंधळ्याच्या कणगीत बसवलं आन त्येला सांगितलं, पोरगी मामाच्या गावाला गेलीया. त्यो वहीत लिवून म्होरं गेला. रजा सपायच्या आत तुला देवी आल्या. तू तापानं फनफनत हुतीस आन मी गाडीत बसून पलटनीत गेलो. तुज्या आईनं लिंबाच्या पाल्यावर निजवून जगवली तुला. पंधरा वरसं झाली, कुनाला बोललो न्हाई. तिलाबी न्हाई.

अंजना : कणगीतला अंधार आठवतोय मला. मला वाटायचं, आपुन लपाछपी खेळलो हुतो.

आप्पासाहेब : तुज्या तोंडाकडं बघितलं की त्यो टोचनारा दिसतो. म्हनलं, फोटूत तरी नगं. तवाची लाज पुरत नव्हती म्हनून त्या दिशी पावन्यांम्होरं आनिक येक करून ठिवली.

अंजना : पंधरा वरसं मला वाटत हुतं, तुमाला माजीच लाज वाटती.

आप्पासाहेब : तुजी? तुजी कशाला वाटंल, बाळ?

अंजना : मला काय ठावं! जेवाया वाढते तवा ताटाकडं बघता, बोलते तवा दाराकडं बघता.

आप्पासाहेब : चुकलं माजं.

अंजना : हितं म्हनून काय उपेग? सोप्यात म्हना. उद्या सकाळी, भावकीम्होरं.

आप्पासाहेब : म्हनतो.

अंजना : कणगीचंबी?

आप्पासाहेब : …कणगीचंबी. आदी तुज्या आईला, मंग त्यास्नी.

राजाराम : मीही येतो. माझं मी सांगीन.

अंजना : आन दुकान?

राजाराम : राहू दे बंद. हा घ्या खिडकीतला फोटो. फाडा, जाळा, काय करायचं ते करा.

अंजना : ठिवा बाजूला. आदी खरा निघू द्या.

राजाराम : दिव्याचा बांबू खिळखिळा झालाय, परात उतरते सारखी. कुणीतरी हातात धरायला हवी.

अंजना : आबा धरतील.

राजाराम : धरा, आप्पासाहेब. तापते, फडकं घ्या. थोडी खाली, गालाच्या रेषेत. बास. आता हलू नका. …हलताय तुम्ही.

आप्पासाहेब : न्हाई हलत.

राजाराम : मान खाली घातली की हातही खाली येतो. सावल्या सरकतायत, असा फोटो येणार नाही.

आप्पासाहेब : परात लय तापलीया, गड्या.

अंजना : आबा, परातीकडं नगं. माज्याकडं बघून धरा.

आप्पासाहेब : बघतोय, पोरी.

अंजना : कुठं बघताय?

आप्पासाहेब : …बघतोय. आता बघतोय.

अंजना : काढा, दादा.