कारंज्यामागचा बाक

राजवाड्याच्या तिकीटखिडकीपुढची रांग काही केल्या हलेना. तिनं फाटकच अडवल्यामुळे जेवून परतलेला बागेतला म्हातारा माळीही तिच्यातच अडकला. त्याच्यापुढे पन्नाशीतलं एक जोडपं होतं.

“आधी महाल बघू या का हो?”

“नको, आधी बाग. कारंज्यामागे दगडी बाक आहे. तिथे बसलं की पहारेकऱ्यालासुद्धा दिसत नाही.”

“आपण तर पहिल्यांदाच येतोय ना?”

“हो, हो, पहिल्यांदाच. ऐकलंय कोणाकडून तरी.”

“कोणाकडून?”

“कॉलेजातल्या एका मित्राकडून. जरा चावट होता.”

“बाकावर जेमतेम दोघं मावतात, हेही त्यानंच सांगितलं असेल.”

“असेल बुवा. ऊन किती झालंय बघ!”

“विषय बदलू नका.”

माळ्याला हसू आवरेना. तो बाक त्यानं गेल्याच वर्षी चार माणसं लावून हलवला होता. गृहस्थांची फजिती टळावी म्हणून तो तोंड उघडणार, तोच बाई म्हणाल्या,

“आणि तो बाक आता कारंज्यामागे नाहीच मुळी. तळ्याकाठच्या बांबूंमागे नेलाय. तिकडे तर माळीसुद्धा फिरकत नाही.”

“तुला गं कसं ठाऊक?”

“ऐकलंय कोणाकडून तरी. चला, सरका पुढे.”