नैर्ऋत्येचं तळं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या कंपनीच्या संचालिका उज्वलाताई, व्यासपीठावर बसलेले आमचे मालक मयुरेशदादा, आजचे सत्कारमूर्ती आणि आमचे प्रकल्प व्यवस्थापक बाळाजी खैरनार सर, त्यांच्या पत्नी मंजुषाकाकू, सटाण्याहून सकाळच्या एसटीने आलेली सरांची मंडळी, पहिल्या रांगेतल्या कुसाबाई, आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सरांच्या गौरवाकडे वळण्याआधी मला एक दुरुस्ती करायची आहे. गेल्या महिन्यात अभियंत्यांच्या कार्यशाळेत मी आपल्या मखमलाबादच्या साइटची हकीकत सांगितली. मी म्हणाले होते, "माझ्या वडिलांनी जागा पाहिली, संमती दिली, आणि मग सरांनी तळं खणलं." आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या मला परत कराव्या लागतील, कारण क्रम उलटा होता. सरांनी तळं आधी खणलं आणि वडिलांना नंतर विचारलं. मला स्वतःलाच हे गेल्या रविवारी कळलं. मयुरेशदादा, तुम्हाला तर आत्ता कळतंय. सर, खाली बघू नका.

जे त्या साइटवर नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. मोठ्या बांधकामाला पर्यावरणाची मंजुरी मिळते तेव्हा तिच्यासोबत अटी येतात. त्यातली एक अट अशी, की खोदकामातून निघणारं पावसाचं गढूळ पाणी थेट नाल्यात सोडायचं नाही. उताराच्या टोकाला ते एका तळ्यात अडवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी पुढे जाऊ द्यायचं. यात अवघड काय आहे? काहीच नाही. अवघड एवढंच होतं, की आपल्या जमिनीचा उतार नैर्ऋत्येला जात होता.

सभागृहात हसू आलंय, म्हणजे पुढचं तुम्ही ओळखलंत. मी आराखड्यात तळं नैर्ऋत्येला दाखवलं, तेव्हा मयुरेशदादा म्हणाले, "सई, नैर्ऋत्येला पाणी? वास्तुशास्त्रात चालत नाही. लोक फ्लॅट बघायला येताना होकायंत्र घेऊन येतात. ईशान्येला घे." आणि तळं ईशान्येला गेलं. ईशान्य म्हणजे त्या जमिनीचा सगळ्यात उंच कोपरा. पहिल्या मोठ्या सरीत आपलं तळं इतकं कोरडं राहिलं, की आमचा वॉचमन काळू म्हणाला, "मॅडम, इथं खाट टाकू का? वारा लय छान लागतो."

सगळा मुरमाचा गाळ नैर्ऋत्येने नाल्यात उतरला आणि नाल्याकाठच्या कुसाबाईंच्या वाफ्यांत शिरला. दुसऱ्या दिवशी कुसाबाई आपल्या ऑफिसात आल्या आणि त्यांनी कोथिंबिरीची एक जुडी माझ्या नकाशावर ठेवली. ती हिरवी नव्हती. म्हणाल्या, "बाई, तुमचं इशान्य-फिशान्य तुमच्यापाशी ठेवा. ही जुडी तुम्ही घ्याल का बाजारात?" मी जुडी धुवायला घेतली. त्या म्हणाल्या, "एक धुशील. वावर कसं धुशील?"

त्याच दुपारी सरांनी जेसीबी नैर्ऋत्येला नेला. दादा धावत आले. सर शांतपणे म्हणाले, "दादा, सईच्या वडिलांना विचारलंय. चालतं म्हणाले." माझे वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगतात, हे दादांना ठाऊक होतं. दादा आल्या पावली परत फिरले. बाबांना खरंच विचारलं असेल असं मला वाटलं, आणि मनातून थोडी रुसलेही, की घरात कोणी मला सांगितलं कसं नाही.

गेल्या रविवारी सर आजच्या समारंभाचं निमंत्रण द्यायला आमच्या पंचवटीच्या घरी आले. चहा घेताना दोघं जुनं काही आठवून हसायला लागले आणि खरी गोष्ट बाहेर आली. जेसीबी नेला त्या संध्याकाळी, मी घरी पोचण्याआधीच, सर आमच्या दारात येऊन बसले होते. बाबा घाटावरून आल्यावर सर त्यांना म्हणाले, "गुरुजी, तुमच्या नावावर एक थाप मारून आलोय. ती खरी तरी करा, नायतर उद्या तळं बुजवतो."

बाबा म्हणाले, "आधी जागा दाखवा." साइटवर गेल्यावर त्यांनी विचारलं, "इथे कोणी राहायला आलंय?"

"नाय."

"मग वास्तू कुठे आहे अजून? हा खड्डा कायमचा राहणार?"

"नाय. बांधकाम झालं की भरून टाकायचा."

"मग पाणी ज्या कोपऱ्याला जातं तिथेच थांबवा. पण खैरनार, पुढच्या वेळी आधी विचारा, मग नाव घ्या."

मंडळी, त्यानंतरच्या पावसाचा दिवस मी विसरणार नाही. आम्ही सगळे छत्र्या घेऊन त्या तळ्याच्या काठावर उभे होतो. एका बाजूने लाल पाणी धडाधडा आत येत होतं, मध्ये मंदावत होतं आणि दुसऱ्या टोकाने निवळ होऊन नाल्याला लागत होतं. मी कितीदा तरी आकडेमोड करून हे कागदावर पाहिलं होतं. पण खरोखर होताना पाहिलं तेव्हा माझी छत्री कधी मिटली ते मला कळलं नाही. सरांनी चहाचा पेला विसळला, सांडव्यावर धरून भरला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. म्हणाले, "पी म्हणत नाय. बघ म्हणतो."

आज कुसाबाईंनी सरांना पुष्पगुच्छ दिलेला नाही, कोथिंबिरीची जुडी दिली आहे. मंजुषाकाकू, ती कृपया फोटोसाठी ठेवू नका, आजच वापरा.

आता थोडं माझ्याबद्दल. लहानपणी मला दमा होता, त्यामुळे चौथीपर्यंत माझी शाळा घरातच भरली. बाबांनी मला बाराखडीच्याही आधी शिकवला तो संकल्प. कोणतंही कार्य करण्याआधी हातात पाणी घ्यायचं, आजचा दिवस, आपण कुठे आहोत ते ठिकाण, आपलं नाव आणि आपण काय करणार हे मोठ्याने सांगायचं आणि ते पाणी खाली सोडायचं. बाबा म्हणायचे, "सई, हातावरून गेलेलं पाणी परत घेता येत नाही, म्हणून आधी नीट ठरव." मी इतकं नीट ठरवत बसते, की माझ्या तळहातावरचं पाणी बहुतेक वेळा तसंच वाळून जातं.

आडगावच्या नव्या साइटवर भूमिपूजन येत्या गुरुवारी आहे. लगेच अधिक महिना लागतो, म्हणून पूजा झाल्याबरोबर पायाचं खोदकाम सुरू करायचं आणि तळ्याचं पावसाच्या वेळी बघू, असं ठरतंय. त्या जमिनीच्या उताराखाली एका वस्तीची पिण्याची विहीर आहे. तिथे पाऊस एकदा आला की बघायला काही उरणार नाही. आणि फाटकावर जी पाटी लागते, तिच्यावर पावसाच्या पाण्याला जबाबदार कोण, त्याचं नाव लिहावं लागतं. आजवर तिथे सरांचं नाव असायचं. रविवारी सरांनी मला विचारलं, "सई, पाटीवर तुझं नाव टाकू?" मी म्हणाले, विचार करते. सर म्हणाले, "कर. पाऊस पाटी वाचायला थांबत नाय, एवढं ध्यानात ठेव."

तर सर, मी विचार केला. बाबांनाही विचारलं, आणि या वेळी आधी विचारलं. म्हटलं, तळं पूजेच्या आधीच खणायचंय, पण दादा म्हणतील की पूजेच्या आधी जमिनीला कुदळ कशी लावायची? बाबा म्हणाले, "देवापुढे बसण्याआधी आपण पाय धुतो. त्याला मुहूर्त काढतो का?"

मयुरेशदादा, ही गोष्ट मी तुमच्या केबिनमध्ये सांगायला हवी होती. तिथे माझा आवाज फुटत नाही. इथे माईक आहे. तुम्ही आत्ता मान हलवलीत, ती मी होकाराची समजते, आणि सभागृहानेही पाहिली आहे.

सर, तुम्ही मला पाण्याचा उतार दाखवलात आणि उताराच्या बाजूने उभं राहायला शिकवलंत. त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. उज्वलाताई, मला बोलायची संधी दिलीत, आपले आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपलेही मनापासून आभार. उत्साहाच्या भरात कोणाचा मान द्यायचा राहून गेला असेल, एखादा शब्द अधिक गेला असेल, तर घरची लेक समजून पोटात घाला.

बाबांनी शिकवल्याप्रमाणे मोठ्याने सांगते. ठिकाण, आडगावच्या साइटचा सगळ्यात सखल कोपरा. पाटीवर नाव, सई गायधनी. काम, तळं आधी आणि पाया नंतर. दिवस, पूजेच्या आधीचा सोमवार, अकरा मे दोन हजार सव्वीस.