कोंडीबाची ढोलकी

२००६ साली वारंगा फाट्यावर हिंगोलीच्या बसची वाट पाहत बसलो होतो. समोर सीडीच्या दुकानात भीमराज गायन पार्टीची जुनी भीमगीतं लागली होती. मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

“शुद्धोधन, ऐक की! तुमची पार्टी हाय. इतक्या वर्षानं पोरं पुन्हा सीडी मागून राहिली.”

“बंद कर म्हणा त्याला.”

“काहून? भीमराजदादाचाच आवाज हाय.”

“आवाज हाय. पण कोंडीबाची ढोलकी कुठं हाय? तिच्यावर मशीनचा ठोका बसवला त्या हलकट दुकानदारानं!”

“पोरायला नाचायला ठोका लागतो बाबा.”

“अन् कोंडीबा काय माशा मारत होता? दादाला दमा होता. कडव्याच्या मधीच दम तुटायचा. कोंडीबा त्याच्या तोंडाकडं पाहून ठेका लांबवायचा. दादाला दम येईपर्यंत ढोलकी एकटी बोलायची. वीस वर्षं कुणाला कळलं न्हाई!”

“आमाला वाटायचं, दादा मुद्दाम थांबतो.”

“आता ऐक. मशीन थांबते का कुणासाठी? राहिला बघ दादा मागं. कालची पोरं त्याला बेताल म्हणून राहिली, हसून राहिली!”

“मंग इथं काहून वरडतो? जाय, दुकानदाराला जाब विचार.”

“विचारला सकाळीच.”

“काय म्हणला?”

“जाऊ दे. बस आली का बघ.”

“अरे, काय म्हणला?”

“म्हणला, ‘काका, कॅसेट तुमीच आणून दिली. तुमीच म्हणले, कोंडीबाची ढोलकी दबली, ठोका मोठा कर.’”