डेलिया की कोबी

कलाकेंद्रातलं फुलांच्या चित्रांचं प्रदर्शन संपलं होतं. चित्रं परत घ्यायला रांग लागली होती. माझ्यापुढे पन्नाशीचं एक जोडपं उभं होतं.

"चित्रकलेच्या वर्गाला जातेस, हे मला आधी सांगायचंस तरी."

"चित्र भिंतीवर लागलं की सांगणार होते. म्हणून तर तुम्हाला इथे आणलं. बाईंशी ओळख करून द्यावी म्हणून त्यांना बोलवायला गेले, तेवढ्यात तुम्ही वहीत अभिप्राय लिहून मोकळे. 'ही डेलियाची फुलं आहेत की कोबीचे गड्डे?'"

"चित्राखाली नुसता नंबर होता गं. नाव असतं तर..."

"तर काय लिहिलं असतंत?"

"छान लिहिलं असतं."

"म्हणजे खोटं."

"अगं, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. शेजारचे दोघं हसले आणि मला चेव चढला. मेल्याहून मेल्यासारखं झालंय बघ. ते पान फाडून टाकू का?"

"आता काय उपयोग? बाईंनी मघाशी आत सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. मलाही हसावं लागलं."

"मी लिहिलंय, हे सांगितलंस त्यांना?"

"नाही. लाज वाटली."

"चित्राची?"

"तुमची."

रांग पुढे सरकली, तरी ते दोघंही जागचे हलले नाहीत. मागून कुणीतरी "चला की हो पुढे" म्हणालं. ती एकटीच पुढे झाली.