भिंतीतली खिडकी

ही १९७८ सालची गोष्ट. डोंगरावरच्या छोट्या गावात शनिवार-रविवार घालवून दोन जावा परतीच्या बसची वाट पाहत बसल्या होत्या. मागच्या बाकावर त्यांच्याच गल्लीतली शिंपीण होती. ती हाक मारणार, तेवढ्यात दोघींचं बोलणं कानावर पडलं आणि ती ऐकत बसली.

“दोन दिवस कसे गेले कळलंही नाही, जाऊबाई.”

“कळणार कसं? घोरत तर होतीस.”

“आयतं जेवण, वर गार वारा! तुम्ही मात्र व्हरांड्यात बसून नुसतं धुकं मोजलंत.”

“उद्या गवंडी येतोय, तेच डोक्यात होतं.”

“मी ठरवलं होतं, इथे भिंतीचा विषय काढायचा नाही.”

“आता घरीच निघालोय. काढ.”

“भाऊ-भाऊ भांडले, घराची वाटणी झाली. आपलं कुठे बिनसलंय? अठरा वर्षं एका चुलीपाशी काढली. आता मी बोलू कोणाशी, पोळपाटाशी?”

“रडू नकोस. गवंड्याला सांगू, स्वयंपाकघरात भिंतीला खिडकी सोड. भांडं सरकेल एवढी.”

“अगंबाई! आणि ह्यांना कळलं तर?”

“दोघांपैकी एक तरी कधी स्वयंपाकघरात फिरकलाय का?”

भिंत झाली, खिडकीही राहिली. भाऊ शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. थोरली जाऊ आधी गेली. मग धाकटी दोन्ही वेळा थोरल्या दिरांचं जेवण खिडकीतून देऊ लागली. एकदा ब्लाउज द्यायला गेलेल्या शिंपिणीने ऐकलं. धाकटा भाऊ जेवायला बसता बसता बायकोला विचारत होता, “दादाचं ताट गेलं का?”