मोर्णेकाठचं मासेघर

नाई बाबूजी, इथलं मासेघर उघडलं त्या दिवशी वारा निसता पेटला होता — वैशाखातला अकोल्याचा वारा, तोंडात धूळ, अन् जमीन अशी तडकलेली का भेगेत हात कोपरापर्यंत जाय. नकाशा चांगलाच हाय तुमचा — मुंबईले समिंदराकाठी मोठं मासेघर, जाड काचा, भरतीचं पानी आपसूक आत, अन् ते बांधाले मले न्याले आले तुमी. पन मी अडानी बेलदार, मले कागद कायचा समजते? मी मातीले इचारतो. तुमच्या समिंदराची माती मले काय सांगनार?

इथंबी असंच झालं. कापसाले सोन्याचा भाव आला, अन् आमचे मालक, कापसाचे व्यापारी खुशालराव, मुंबईत समिंदर पाहून आले. म्हने, आपल्या लोकायलेबी मासे दाखवू, मोर्णा नदीकाठी दगडी भिंतीत काचा बसवून हौद बांध. मी म्हनलं, मालक, काळी माती पानी पेली का फुगते, भिंत उचलते. खाली मुरूम लागेपर्यंत खोदू द्या. ते हो म्हनले. तीन बाजू खोदल्या. चौथी? चौथी राहिली — आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त जवळ आला, कंबर दुखून राहिली होती — मीच म्हनलं, चालते. आठ रोज हौद भरून होता, माती खालून पीत होती.

मासे आनले सहदेव भोयानं, माह्या शेजारच्यानं. आखाजीले मानसं एवढी का सास घ्याले जागा नाई. अन् चौथी भिंत उठली. काच फुटली — पानी, मासे, काचा, सारं लोकायवर. एका पोरीचा गळा चिरला, माह्यासमोर. खुशालरावाचा मुकादम देवीदास वरडला का काल सहदेव हौदात उतरला होता, यानंच दगड ढिला केला. मंग काय — कापसाच्या गाठी ओढाचे लोखंडी आकडे होते हमालायपाशी, तेच घातले त्याच्या खांद्यात. त्यानं मले पाह्यलं. म्हने, “गोवर्धनबुवा, सांगा ना यायले.” सारे थांबले, बाबूजी. मले इचारलं, यानंच केलं का? अन् मी — तुमी लिहून काहून राहिले? ठेवा तो बोरू — मी मान हालवली. हो म्हनून. मंग हाडं मोडली त्याची, कापसाची वाळली पऱ्हाटी मोडते तशी, एक एक. मी उभाच होतो.

नाई येत मी मुंबईले. गुंडाळा कागद अन् निंघा. सहदेवची बायको मैनाबाई येईल आता, रोज भाकर देते मले. तिले मी सांगतलं होतं, त्या दिवशी मी बडनेऱ्याले होतो. ज्यायनं मले तिथं पाह्यलं त्यायनंच त्याले मारलं, तिले खरं कोन सांगनार? तेराव्याले तिनंच माहे डोळे पुसले, म्हने, “बुवा, तुमी तिथं असते त त्याले कोनाले हात लावू देला नसता.”